गुरुवारची आरोळी

यंदाच्या अंकाचा विषय 'आवाज' आहे असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हा मी मिसिसॉगाला लेकीकडे होते. कॅनडात मुलं असलेल्या आमच्यासारख्यांचा मुक्काम ठरलेला असतो. बर्फ वितळला की यायचं आणि गणपतीच्या आसपास परतायचं. संपादकांनी लिहिलं होतं, "तिथलं एखादं रान ऐकून या." आयुष्यभर आपण रानं पाहायला जातो. ऐकायला जा असं मला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. मी लेकीला आणि जावयांना विचारलं, तेव्हा दोघांच्या तोंडून एकच नाव आलं : अल्गॉन्क्विन.

टोरांटोहून गाडीने उत्तरेला तीनेक तास गेलं की हे अरण्य लागतं. अल्गॉन्क्विन प्रोव्हिन्शियल पार्कची स्थापना १८९३ची आणि विस्तार सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर. बफर धरून आपला ताडोबाचा सगळा व्याघ्रप्रकल्प घेतला तरी त्याच्या चौपटीहून मोठं. एवढ्या पसाऱ्यात आरपार जाणारा मोठा रस्ता एकच, महामार्ग क्रमांक ६०. तोही दक्षिणेचा कोपरा कापून ५६ किलोमीटरांत बाहेर पडतो. बाकी सगळं पायी किंवा कनूने. कनू म्हणजे वल्ह्यांनी चालवायची हलकी, निमुळती होडी. एक तळं संपलं की ती डोक्यावर घ्यायची आणि पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत न्यायची. हा मुलूख मूळचा अल्गॉन्क्विन आदिवासींचा. त्यांच्या जमिनीच्या हक्कांची सरकारशी बोलणी अजून पुरी झालेली नाहीत.

हिमयुगातल्या बर्फाने घासून काढलेला ग्रॅनाइटचा खडक, त्याच्या खोलगटांत साठलेली तळी आणि मधे झाडांची भिंत. दक्षिणेकडच्या मेपलची आणि उत्तरेकडच्या स्प्रूस-पाइनची इथे गाठ पडते, म्हणून दोन्हीकडचे जीव इथे सापडतात. सापडतात म्हणजे असतात, दिसत नाहीत. वाटेपासून दहा पावलांवर नजर अडते.

ताडोबातही कान लागतोच. वानराने खेकसल्यासारखा आवाज काढला किंवा चितळाने इशारा दिला की गाइड जिप्सी थांबवतो. पण तिथे आवाज हा वाघापर्यंत नेणारा माग असतो. वाघ दिसला की आवाजाचं काम संपलं. इथे आवाजापलीकडे बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही. याचं कारण मला हळूहळू उमगलं. उत्तरेची जमीन गरीब आहे. माती पातळ, उन्हाळा आखूड, खायला कमी, त्यामुळे प्राण्यांची वस्ती विरळ. लांडग्यांच्या एका कळपाला शंभराहून अधिक चौरस किलोमीटर रान लागतं. लहान तळ्यावर लून पक्ष्याची एकच जोडी राहते. शेजारी एवढा लांब असेल तर त्याच्याशी बोलायला आवाजही तसाच लागणार. इथल्या ज्या आवाजांसाठी लोक मुद्दाम येतात, ते जवळजवळ सगळे लांब पल्ल्याचे आहेत.

लाल डोळ्याचा पक्षी

लून कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे. १९८७पासून लोक त्या नाण्याला 'लूनी' म्हणतात. मी पक्षी पाहण्याआधी नाणं पाहिलं होतं. जुलैच्या सुरुवातीला आम्ही एका लहान तळ्यात कनू सोडली. जावई मागे वल्हं मारत होते, लेक पुढे, मी मधे. पाण्याखालून एक पक्षी अचानक होडीच्या जवळ वर आला. काळं डोकं, पाठीवर पांढऱ्या चौकड्या, डोळा लालभडक. चोचीतून पाण्याचे थेंब गळत होते. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि चोच न उघडता एक छोटा, मऊ हुंकार काढला. थोड्या अंतरावर जोडीदार होता. त्याच्या पाठीवर राखाडी पिसांचं पिल्लू बसलेलं होतं. तिथून तसाच हुंकार आला. जावयांनी वल्हं पाण्याबाहेर धरलं. होडी आपसूक सरकत राहिली आणि ती दोघं शांतपणे लांब गेली.

घरातल्या घरात बोलायचा हा आवाज. लूनचे आवाज मुख्यतः चार. हुंकार जवळच्यांसाठी. थरथरता, हसल्यासारखा वाटणारा आवाज धोक्याचा. होडी फार जवळ नेली की तो ऐकू येतो आणि तेव्हा माणसाने मागे फिरावं. तिसरा लांबलचक, चढत जाणारा हेल, 'कुठे आहेस?' असं विचारणारा. चौथा फक्त नराचा, हद्द सांगणारा. हा चौथा प्रत्येक नराचा वेगळा असतो. चार्ल्स वॉलकॉट, जे मेगर आणि वॉल्टर पायपर या संशोधकांनी अशा नरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. नर जितका वजनदार, तितका त्याचा हा आवाज खर्जातला, असं त्यातून दिसलं. म्हणजे हद्द सांगतानाच तो आपलं बळही सांगून टाकतो. आणि नराने तळं बदललं, दुसऱ्याची जागा जिंकून घेतली, तर तो स्वतःची हाकही बदलतो. नवी जागा, नवी ललकारी. हे वाचल्यापासून मी कुठल्याही लूनचा आवाज निव्वळ निसर्गसंगीत म्हणून ऐकू शकले नाही. तिथे कुणीतरी कुणाला तरी काहीतरी ठामपणे सांगत असतं.

रात्री तंबूत पडल्यावर तो लांबलचक हेल आला. मग दुसऱ्या तळ्यावरून उत्तर आलं, तिसऱ्यावरून आणखी एक. नकाशात पाहिलं तर तिसरं तळं दोन टेकड्यांपलीकडे होतं. दिवसा एवढ्या लांबून काही ऐकू आलं नसतं. दिवसा जमिनीलगतची हवा तापते आणि आवाज वर वळून आकाशात जातो. रात्री उलटं होतं. पाण्यालगतची हवा गार, वरची ऊबदार. आवाज ऊबदार हवेत जास्त वेगाने जातो, म्हणून वर निघालेली लाट वाकून पुन्हा खाली येते आणि तळ्याच्या सपाट पाण्यावरून सरकत जाते. वारा पडलेला असतो. खर्जातला, लांबवलेला, एकसलग सूर झाडांत फारसा विरत नाही. लून रात्री हाका मारतो यामागे वेळेची अशी अचूक निवड आहे.

कॅनडाचे संगीतकार मरी शेफर यांनी हे फार पूर्वी हेरलं होतं. आवाजाचाही एक भूप्रदेश असतो आणि त्याचा अभ्यास करता येतो, ही दृष्टी जगाला देणाऱ्यांत ते अग्रणी. उत्तरायुष्यात ते अल्गॉन्क्विनपासून फार लांब नसलेल्या भागात राहिले. १९७९ साली त्यांनी एका रानातल्या तळ्याभोवती बारा ट्रॉम्बोनवादक उभे केले आणि पहाटे व संध्याकाळी वाजवायची रचना लिहिली. वेळ अर्थातच तळ्याने ठरवून दिलेली.

चिमणीने बदललेलं शेपूट

पांढऱ्या गळ्याची एक चिमणी या रानात सगळीकडे शीळ घालते. दोन लांब स्वर, मग तीन-तीन टिपक्यांचं शेपूट. कॅनडात पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यात 'ओ स्वीट कॅनडा, कॅनडा, कॅनडा' ऐकत आले. 'कॅनडा'ची तीन अक्षरं म्हणजे तीन टिपके. पण देशाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबियात, काही नर शेपटात दोनच टिपके घेऊ लागले. केन ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो हौशी पक्षिमित्रांची ध्वनिमुद्रणं गोळा करून या बदलाचा माग काढला आणि २०२० साली प्रसिद्ध केला. वीस वर्षांच्या आत ही दोन टिपक्यांची चाल तीन हजार किलोमीटर पूर्वेला, मध्य ऑन्टारिओपर्यंत येऊन पोचली होती आणि वाटेतली जुनी चाल पुसत आली होती. पक्ष्यांच्या बोलीत फरक पडतो हे माहीत होतं. पण एक चाल दुसरीला हटवत अख्खा खंड ओलांडते, हे नवं होतं.

ती पसरली कशी? संशोधकांनी काही पक्ष्यांच्या पाठीवर स्थळ नोंदवणारी इवली यंत्रं बांधली. हिवाळ्यात पश्चिमेचे आणि पूर्वेचे पक्षी अमेरिकेच्या दक्षिण भागात एकत्र येतात, असं त्यातून निघालं. तिथे तरुण नर परक्याचं गाणं ऐकतात आणि वसंतात ते घेऊन आपापल्या गावी परततात.

मी तळ्याकाठच्या खडकावर बसून शेपटं मोजत होते. लेकीच्या फोनमधलं अ‍ॅप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. चिमणीचं नाव त्याने लगेच दिलं. टिपके किती ते मात्र आपल्यालाच ऐकावे लागतात. त्या सकाळी माझ्या कानावर आलेल्या शिळांत दोन टिपक्यांच्या जास्त होत्या.

छातीत वाजणारा आवाज, बर्फात वाजणारा आवाज

मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ब्लॅकफ्लायचा हंगाम होता. या बारीक काळ्या माश्या आवाज न करता चावतात; कानामागे रक्ताचा ओघळ लागला की कळतं. डोक्यावरून जाळी ओढून चालत असताना मला छातीत काहीतरी धडधडल्यासारखं वाटलं. वयाप्रमाणे पहिला विचार हृदयाचा आला. जावई म्हणाले, "आई, थांबा. तो ग्राउस आहे." कोंबडीच्या कुळातला हा पक्षी. नर पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंख इतक्या जोराने पुढे झोडपतो की हवेत धक्के उठतात. सुरुवात सावकाश, मग वेग वाढत वाढत नुसती घरघर, आठ-दहा सेकंदांत संपलं. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन सुरू होता होता बंद पडावं तसं. हा आवाज सेकंदाला साधारण चाळीस कंपनांचा, आपल्या कानाच्या खालच्या टोकाशी. म्हणून तो ऐकण्याआधी अंगात जाणवतो आणि कोणत्या बाजूने आला ते ओळखता येत नाही. आम्ही वळून वळून पाहिलं, ओंडका काही सापडला नाही.

त्याच संध्याकाळी पाणथळीत बेडकांचा कल्लोळ. स्प्रिंग पीपर हा बेडूक जेमतेम इंचभर, पण शेकडो एकदम ओरडू लागले की शेजारच्याशी बोलणं अवघड होतं. इथला वुड फ्रॉग हिवाळ्यात पाचोळ्याखाली अक्षरशः गोठतो. हृदय थांबतं, श्वास थांबतो. यकृतातून रक्तात उतरलेली साखर पेशींना आतून सांभाळते. वसंतात तो वितळतो आणि काही दिवसांत साद घालू लागतो.

हिवाळा मी ऐकलेला नाही, जावयांकडून समजून घेतला. ते फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावरून चालले आहेत. थंडी वाढली की बर्फाचा जाड थर आकसतो, त्याला तडे जातात आणि तडा दूर गेला तर 'प्यूंss' असा वरून खाली घसरत येणारा आवाज ऐकू येतो. बर्फाच्या थरातून उंच सूर आधी पोचतात, खालचे मागून येतात, म्हणून एकाच तडकण्याचा असा लांब घसरता स्वर होतो. आणखी उत्तरेकडचं मोठं राखाडी घुबड दीड फूट बर्फाखाली चालणाऱ्या उंदराची खुडबुड ऐकून झेप घेतं. त्याचा थाळीसारखा गोल चेहरा आवाज गोळा करून कानांकडे वळवण्यासाठीच आहे. बर्फातून बाहेर येताना आवाजाची दिशा वाकते, त्यामुळे बाजूने ऐकलं तर उंदीर भलतीकडे वाटतो. घुबड म्हणून आधी नेमकं त्याच्या डोक्यावर येतं, तिथे पंख हलवत थबकतं आणि मग सरळ खाली कोसळतं.

ऑगस्टमधले गुरुवार

या लेखाचं मुख्य कारण मात्र लांडगे.

एकेकाळी अल्गॉन्क्विनचे रेंजर लांडगे मारत. फासे लावत, विष घालत. हरणं खाणारा प्राणी म्हणजे अरण्याचा शत्रू, अशी तेव्हाची समजूत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस डग्लस पिमलॉट यांनी तिथे लांडग्यांवर संशोधन सुरू केलं, तेव्हा पहिली अडचण होती ती सापडण्याची. पानं फुटली की विमानातूनही काही दिसत नाही. म्हणून त्यांच्या चमूने रानवाटांवर गाडी नेऊन लाउडस्पीकरवरून लांडग्यांची मुद्रित आरोळी वाजवायला सुरुवात केली. रानातून उत्तर आलं. पुढे असं दिसलं की माणसाने तोंडाने काढलेल्या आरोळीलाही लांडगे उत्तर देतात. १९६३ साली पार्कच्या कर्मचाऱ्यांनी सहज म्हणून लोकांना बोलावलं. थोडी माणसं येतील अशी अपेक्षा होती, सहाशेच्या वर आली. तेव्हापासून ऑगस्टमधल्या गुरुवारी हा कार्यक्रम होतो. मात्र एका अटीवर : बुधवारी रात्री महामार्गावरून ऐकू येईल इतक्या अंतरावर एखादा कळप कर्मचाऱ्यांना सापडला पाहिजे. सापडला तर गुरुवारी सकाळी पाटी लागते.

ऑगस्टच का, हे तिथल्या एका निसर्गशिक्षिकेने मला समजावून सांगितलं. वसंतात जन्मलेली पिल्लं तोवर गुहेबाहेर आलेली असतात, पण शिकारीला जाण्याइतकी मोठी झालेली नसतात. मोठे लांडगे त्यांना बीव्हरने केलेल्या जुन्या गवताळ पाणथळीसारख्या मोकळ्या जागी ठेवून जातात. कळप दिवसेंदिवस तिथेच येत-जात राहतो, म्हणून काल ऐकलेला कळप आज तिथे असण्याची शक्यता बरी. शिवाय पिल्लं कुणालाही उत्तर देतात.

आम्ही गेलो त्या गुरुवारी पाटी लागली होती. संध्याकाळी उघड्या प्रेक्षागृहात लाकडी बाकांवर हजाराहून जास्त माणसं बसली होती. आधी चित्रांसह व्याख्यान झालं. मग सूचना : इंजिन बंद, दिवे बंद, दार आपटायचं नाही, कुजबुजही नाही, आणि आरोळी फक्त आम्ही काढणार, तुम्ही नाही. मग गाड्यांची रांग अंधारात निघाली. कर्मचारी हातातल्या दिव्यांनी एकेका गाडीला रस्त्याच्या कडेला लावून घेत होते. आमच्या पुढेमागे लाल दिव्यांची ओळ नजर जाईल तिथवर होती आणि ती एकामागून एक विझत गेली. सगळे बाहेर येऊन गाडीला टेकून उभे राहिले. तापलेल्या ब्रेकचा वास येत होता. डास कानाशी गुणगुणत होते आणि त्यांना मारायला कुणी हात उचलत नव्हतं. शेजारच्या गाडीतला एक चारेक वर्षांचा मुलगा बापाचं बोट दोन्ही हातांनी धरून उभा होता. हजार माणसं इतकी गप्प मी वारीतल्या कीर्तनातही अनुभवलेली नाहीत.

पुढे कुठेतरी एका माणसाने आरोळी दिली. खालून सुरू झालेला सूर वर चढला, ताणला गेला, उतरला. काही नाही. बरीच वाट पाहिली. मग तीन-चार कर्मचाऱ्यांनी एकत्र आरोळी दिली, वेगवेगळ्या सुरांत, शेवटी पिल्लांसारखं कुंईकुंई करत.

उत्तर डावीकडून आलं. आधी एकच खोल आवाज, बराच लांबवलेला. तो संपण्याआधी दुसरा त्याच्या वरच्या सुरात लागला, तिसरा आणखी वर. दोघांचे सूर जुळताहेत असं वाटलं की एक जण मुद्दाम बाजूला सरकत होता. मग पिल्लं सुटली : चिरके, तुटक, उतावळे आवाज एकमेकांवर आदळत होते. मला वाटलं, वीसेक जनावरं तरी असतील. नंतर कळलं की कळपातला प्रत्येक जण वेगळा सूर धरतो आणि तो सारखा बदलतो, म्हणून ऐकणाऱ्याला संख्या नेहमी फुगून वाटते. लांडग्याच्या दृष्टीने हे सोयीचंच आहे. शेजारच्या कळपालाही तसंच वाटायला हवं.

मिनिटभरात सगळं एकदम थांबलं. पोरगा मोठ्याने म्हणाला, "अगेन!" आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोकांनी रोखून धरलेला श्वास सोडला. लेक रडत होती. तिला कारण विचारलं नाही; माझंही तेच चाललं होतं.

कुटुंब

एवढ्यावर लांडगे वाचले असं नाही. अरण्यात मारणं थांबलं तरी हद्दीबाहेर चालूच होतं. हिवाळ्यात हरणं पार्कच्या पूर्वेला बाहेर जातात, त्यांच्यामागे लांडगे जातात आणि तिथे फास आणि बंदूक दोन्ही कायदेशीर होतं. जॉन आणि मेरी थीबर्ज या दांपत्याने रेडिओ पट्टे बांधून वर्षानुवर्षं हे कळप पाळतीवर ठेवले. मेलेल्या लांडग्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसाच्या हातून मेले होते. त्यांच्या आकड्यांवरून वाद झाले, स्थानिक लोकांनी विरोध केला. १९९३ साली काही गावांपुरती हिवाळी बंदी आली आणि २००१ साली पार्कभोवतीच्या सगळ्या पट्ट्यात बारमाही बंदी. शास्त्रज्ञांच्या आकड्यांशिवाय हे झालं नसतं. पण तोवर हजारो लोक महामार्गाच्या कडेला उभे राहून ती आरोळी ऐकून गेले होते. लांडगा म्हणजे काय हे त्यांना कुणी पटवून द्यायची गरज उरली नव्हती. सरकारने कान दिला त्यात या लोकांचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे.

बंदीनंतर लांडग्यांची संख्या फारशी वाढली नाही. जे बंदुकीने मरत, त्यांची जागा नैसर्गिक मृत्यूंनी घेतली. बदललं ते कळपाच्या आत. लिंडा रटलेज आणि सहकाऱ्यांनी २०१० साली जनुकीय तपासणीतून दाखवलं की बंदीपूर्वी ८० टक्के कळपांत बाहेरून घेतलेला, नात्याबाहेरचा लांडगा होता. मारलेल्यांची जागा भरायला परके येत. बंदीनंतर हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. आईबाप, गेल्या वर्षीची थोरली भावंडं आणि यंदाची पिल्लं अशी घरं पुन्हा उभी राहिली. त्या रात्री डावीकडून आलेला आवाज अशाच एका घराचा असणार.

आपल्या लांडग्याचं ऐकणंही आता सुरू झालं आहे. महाराष्ट्राच्या माळरानांवर भारतीय लांडग्यांच्या आरोळ्या मुद्रित करून संशोधकांनी २०१९ आणि २०२१ साली निबंध प्रसिद्ध केले. आवाजावरून एकेक लांडगा वेगळा ओळखता येतो का, हे त्यांनी तपासलं आणि बऱ्याच अंशी येतो असं निघालं. माळावर कॅमेरा लावायला झाड नसतं आणि लांडगा रात्री फिरतो. मोजणीचा हा मार्ग इथे कामाचा आहे. धनगरांच्या वाड्यांवर ही आरोळी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जाते. गणनेच्या कामात त्यांचे कान आधी विचारात घ्यावेत, असं मला वाटतं.

पुढच्या गुरुवारी पुण्याहून आलेल्या विहीणबाईंना घेऊन आम्ही पुन्हा निघणार होतो. सकाळी लेकीने चौकशी केली तर त्या दिवशी कार्यक्रम नव्हता. कळपाने पिल्लांना दुसरीकडे हलवलं होतं आणि बुधवारी रात्री बारापर्यंत फिरूनही कर्मचाऱ्यांना रस्त्यालगत कुणाचंच उत्तर मिळालं नव्हतं. विहीणबाईंनी विचारलं, "मग आता?" जावई म्हणाले, आपण जाऊच, तळं आहे, लून आहेत. त्यांनी कनू गाडीवर बांधायला घेतली आणि आम्ही दोघी डब्यात धपाटे भरायला लागलो.